३ ऑक्टोबर : विस्टेरिया लेनच्या भानगडी

२००४ : ‘डेस्परेट हाउसवाइव्ह्ज’ ही मालिका अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झाली. पहिल्याच भागात विस्टेरिया लेनवर राहणारी मेरी अ‍ॅलिस यंग स्वतःवर गोळी झाडून घेते आणि पुढची आठ पर्वे शेजारणींच्या भानगडी मेल्यावरही तीच सांगत राहते. प्रेत पाहून किंचाळणारी, पोलिसांना फोन करणारी शेजारीण मिसेस ह्यूबर नंतर मेरी अ‍ॅलिसकडून उसन्या आणलेल्या ब्लेंडरवरची तिच्या नावाची पट्टी शांतपणे सोलून काढते. मालिकेची जातकुळी कळायला एवढे पुरे! पोटच्या मुलांना ठार मारणाऱ्या एका आईच्या खटल्याची बातमी मालिकेचे निर्माते मार्क चेरी आपल्या आईसोबत पाहत होते. आपणही त्या टोकाला पोचलो होतो, असे आई बोलून गेली आणि चेरींना विषय मिळाला. १८० भागांनंतर, २०१२च्या मे महिन्यात मालिका संपली. शेवटची पर्वे जरा ताणलेलीच.