डेरा, राहुटी की उघडे आभाळ? पेण-रोह्याच्या खोऱ्यांतील मुक्कामांचा इतिहास (धागा)

रोह्याजवळच्या अवचितगडाच्या रानात रात्र काढायचे ठरले की गटात पहिला वाद मुक्कामाचाच होतो. सर्वांनी एका मोठ्या तंबूत राहावे, की प्रत्येकाने दोन झाडांमध्ये आपापली झोळी बांधावी? सामान किती न्यावे, पाणी कोठे मिळेल, चूल कोठे मांडावी? साडेतीनशे वर्षांपूर्वी याच मुलखातून जाणाऱ्या लष्करांपुढेही हेच प्रश्न होते.

मोगलांचे उत्तर भव्य होते. ‘आइन-इ-अकबरी’च्या नोंदीनुसार एका शाही मुक्कामाच्या वाहतुकीसाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. असे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी निजलेला असताना दुसरा संच, म्हणजे पेशखाना, पुढच्या मुक्कामी उभा होई. सपाट मैदानी मुलखात ही व्यवस्था खरोखर अजोड होती. सरदारांच्या छावण्याही आपापल्या ऐपतीप्रमाणे याच वळणावर जात.

सह्याद्री मात्र सपाट नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शायिस्ताखानाने कारतलबखानाला कोकणात धाडले. सोबत रायबागन होती. लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून ही फौज अंबा नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंबरखिंडीच्या दाट रानात शिरली. हीच अंबा पुढे पालीवरून रोहे तालुक्यातील नागोठण्याकडे जाते आणि पेणच्या बाजूला धरमतरच्या खाडीत मिळते. अरुंद वाट, दोन्ही अंगांना डोंगर, पुढची आणि मागची वाट शिवाजी महाराजांच्या सैन्याने रोखलेली. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त या फौजेची तहानेने झालेली दैना वर्णिली आहे. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि जीव वाचवून परतला. मोहिमेसाठी घाट उतरवून आणलेला सगळा सरंजाम त्याला तेथेच सोडावा लागला.

मराठ्यांचा मुक्काम कसा असे? १६७७ मध्ये, दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, पाँडिचेरीच्या फ्रांस्वा मार्तँचा दूत महाराजांच्या छावणीत जाऊन आला. मार्तँने नोंदवले आहे की तेथे थाट नव्हता, बायका नव्हत्या, अवजड सामान नव्हते. तंबू दोनच होते, तेही जाड्याभरड्या कापडाचे आणि लहान. एक महाराजांचा, दुसरा प्रमुख मंत्र्याचा. दोन वर्षांत ज्याने कर्नाटकातील मोठा प्रदेश जिंकला त्या छत्रपतीचा हा डेरा! सभासदाच्या बखरीतही लष्करात बायको, बटकी वा कलावंतीण बाळगण्यास मनाई असल्याचे आणि फौजेने आठ महिने मुलूखगिरी करून पावसाळ्यात छावणीस परतावे असे सांगितले आहे. १७६० च्या उत्तरेच्या मोहिमेत कुटुंबकबिले आणि यात्रेकरू सोबत घेतले गेले, तोवर हा दंडक विस्मरणात गेला होता.

परंतु हलके राहणे म्हणजे बेफिकीर राहणे नव्हे. पावसाळी छावणीच्या प्रश्नांवर सर्वांत बारकाईने लिहिलेला कागद याच कोकणपट्टीत, दक्षिणेला चिपळूणजवळ तळ दिलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना पाठवलेला आहे. १६७० च्या दशकाच्या पूर्वार्धातील हे पत्र महाराजांच्या आज्ञेचे आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळलीत, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरचे धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजी उचलू लागतील, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्यातील इशारा आहे. पुढे विषय आगीचा. कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी वारा न पाहता तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात पळवील. गवताची एक गंजी पेटली की सगळ्या गंज्या गेल्या, आणि त्यांच्यामागे घोडी. राज्य उभारणारा पुरुष उंदराने नेलेल्या वातीचा विचार करतो, ही गोष्ट कित्येक लढायांच्या वर्णनांहून अधिक बोलकी आहे.

झाडांविषयीही असाच कटाक्ष दिसतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाची चर्चा करताना आंबा-फणसाला हात लावू नये असे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन मगच तोडावे. झोळीचा दोर आवळण्यापूर्वी झाड कोणाचे आहे हे गावात विचारण्याची रीत या मुलखात निदान ३०० वर्षे जुनी आहे.