खलाशाचे घर

शाळेचा प्रवेश-अर्ज भरताना मी एका मुलाला विचारले, "वडील कुठे राहतात?" तो म्हणाला, "इथेच. बोटीवर असतात." 'राहणे' आणि 'असणे' यांतला हा भेद त्या पोराने सहज सांगितला. इंग्लंडात त्यासाठी न्यायाधीश बसवावे लागले.

तेथेही आपल्यासारखीच घरपट्टी होती. तिचे मूळ १६०१ च्या गरीब-कायद्यात. घरपट्टी घर पाहते. आत कोण निजतो याची तिला फिकीर नसते. थॅचरबाईंच्या सरकारने ती मोडून १९९० साली माणशी कर बसविला. कर घरावरून माणसावर आला, आणि माणसाला तर पाय असतात! दोन ठिकाणी राहणाऱ्याचे मुख्य घर कोणते, हे ठरविणे भाग पडले.

ब्रॅडफर्डच्या एका खलाशाचा खटला १९९१ साली निकालात निघाला. वर्षाचा बहुतेक काळ तो जहाजावर काढी. दिवस मोजले असते तर जहाजच त्याचे घर ठरते. पण बायको राहत होती ते घरच त्याचे मुख्य निवासस्थान, असे न्यायालय म्हणाले. नुसत्या दिवसांच्या मोजणीने हा प्रश्न सुटत नाही, हे त्याआधी आयकराच्या एका खटल्यातही ठरले होते. एसेक्समध्ये मद्यालय चालविणारा तो गृहस्थ महिन्यातून दोन-तीन दिवसच वेल्समधल्या घरी जाई. तरी त्याचे मुख्य घर वेल्समधलेच ठरले.

माणशी कर टिकला नाही. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात दंगल उसळली. नोव्हेंबरात थॅचरबाई पायउतार झाल्या. १ एप्रिल १९९३ पासून कर पुन्हा घरावर आला. पण घरात एकच प्रौढ राहत असेल तर पंचवीस टक्के सूट! झाले, प्रश्न पुन्हा दारात उभा. नवरा दूर नोकरीला असलेल्या बाईला ही सूट हवी असेल, तर "ते इथले नव्हेत" असे सिद्ध करणे आले. किती बायकांची जीभ तसे म्हणायला रेटेल?

अखेर २००४ साली अपील न्यायालयाने कसोटी सांगितली : सारी हकीकत ठाऊक असलेला समंजस त्रयस्थ ज्या वास्तूला त्या माणसाचे घर म्हणेल, ते त्याचे मुख्य घर.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचेच उत्तर, चारशे वर्षांचा वळसा घेऊन आलेले. अर्जात मी लिहिले : वडिलांचा पत्ता – वरीलप्रमाणे.