रिमांड होम ते बालमंदिर

‘बालमंदिर’ म्हटले की मराठी घराला पाटी-पेन्सिल आणि खाऊचा डबा आठवतो. कर्नाटकात सरकारी पाटीवर हाच शब्द निराळ्या अर्थाने येतो. छळ सोसलेली, टाकलेली, हरवलेली मुले काही काळ जिथे ठेवतात, ते घर म्हणजे बालमंदिर. गुंजीत माझ्या पिढीच्या तोंडी मात्र ‘रिमांड होम’च बसलेले. त्या शब्दात मुलाबद्दलच संशय असे.

हा संशय आला कुठून? बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाचे सुधारगृह १८५७ पासून होते. १९२४ च्या मुंबई बालक कायद्याने निराधार मुलेही बालगुन्हेगारांबरोबर न्यायालयाच्या कक्षेत आली. १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. हेतू चांगला होता. पण चोरी केलेला मुलगा आणि मार खाऊन पळालेला मुलगा एकाच छपराखाली येऊ लागले. लोकांनी दोघांनाही एकच नाव दिले.

आपल्याकडे दुसरी परंपराही होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथल्या एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. आमच्याकडचे वारकरी ज्या पंढरीला जातात, तिथे १८७५ साली प्रार्थना समाजाच्या मंडळींनी बालकाश्रम सुरू केला. मोठ्यांच्या वागण्याचा जाब मुलाला विचारायचा नाही, हा या घरांचा पाया होता.

तिथवर यायला कायद्याला बराच काळ लागला. २००० च्या कायद्याने संरक्षण हवे असलेली मुले आणि गुन्ह्याचा आरोप असलेली मुले वेगळी केली. २०१५ च्या कायद्यानुसार सापडलेले मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. प्रत्येकासाठी स्वतंत्र आराखडा करावा लागतो. संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे.

पण मन कायद्याने भरून येत नाही. जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, मुलाला जीव लावणारे एक कायमचे माणूस लागते, असे मांडले. उपाशी राहिलेले मूल पोटभर जेवूनही उशीखाली चपाती लपवते. त्यावर रागावायचे नसते. उद्याही जेवण मिळेल हे रोज ठरल्या वेळी ताट वाढून पटवायचे असते. पुढे काय होणार ते आधी सांगायचे, झालेले पुन्हापुन्हा विचारायचे नाही, आणि रात्री ओळखीचा आवाज जवळ ठेवायचा.

वाचकहो, इथे आपला संबंध येतो. मुलाचा जबाब घेताना दुभाषा देण्याची सोय २०१२ च्या पोक्सो कायद्यात आहे. पण मध्यरात्री दचकून उठलेले मराठी मूल ‘आई’ म्हणते, की कन्नड मूल ‘अव्वा’, ते ओळखायला कोणता दुभाषा येणार? दिवाळीत अशा घरांना फराळ आणि कपडे देणारे हात पुष्कळ असतात. आपल्या सीमाभागात दोन्ही भाषा अंगवळणी पडलेल्या कितीतरी मावश्या, काकू, निवृत्त गुरुजी आहेत. त्यांतल्या कुणी रीतसर परवानगी काढून, दर आठवड्याला ठरल्या वारी तासभर तिथे जाऊन बसावे. ठरला वार मात्र चुकवू नये. त्या मुलांना न आलेल्या माणसांची सवय आधीच फार आहे.