कोळगावातून रिव्हरवुडला

2012 चा जानेवारी. चर्चगेटची लोकल अजून डहाणूपर्यंत धावत नाही, ती एप्रिल 2013 मध्ये सुरू व्हायची आहे. म्हणून तुम्ही विरारला गाडी बदलून शटलनं पालघरला उतरला आहात. बोईसरच्या दिशेनं जाणारी रिक्षा कोळगावला सोडते. रस्त्याला लागून दुग्धविकास खात्याची मोकळी जमीन लांबवर गेली आहे. गवत वाळून पिवळं पडलंय, बांधावर ताड उभे आहेत. पूर्वेला काळदुर्गाचा माथा अजून दिसतो आहे. पालघर जिल्हा नाही, नवनगर नाही, जिल्हा मुख्यालयाच्या इमारती नाहीत. कलेक्टर कचेरीत काम असलं तर ठाण्याला जायचं.

भाड्याच्या खोलीत असेंबल केलेला पीसी आहे. 2 जीबी रॅम, 512 एमबीचं ग्राफिक्स कार्ड. तुम्हाला जो खेळ खेळायचा आहे त्याची किमान अट नेमकी एवढीच, म्हणजे सगळी सेटिंग्ज खाली आणून जेमतेम चालेल. खेळाचं नाव स्कायरिम. रॉकव्हिल, मेरीलँडच्या बेथेस्डा गेम स्टुडिओजनं तो टॉड हॉवर्डच्या दिग्दर्शनाखाली बनवला आणि 11 नोव्हेंबर 2011 ला बाजारात आणला. डोंगलवर सहा जीबीचा खेळ उतरवायला किती दिवस लागतील कोण जाणे, म्हणून डीव्हीडी लॅमिंग्टन रोडवरून आली आहे.

सुरू करा.

तुमचे हात बांधलेले आहेत. तुम्ही बैलगाडीएवढ्या एका उघड्या घोडागाडीत बसला आहात, समोर बंडखोर रॅलॉफ, आणि घोडे चोरताना सापडलेला एक घाबरट माणूस. गाडी हेल्गेन नावाच्या गावात शिरते. घोडेचोर पळतो आणि बाणांनी पडतो. यादी वाचणारा शिपाई तुम्हाला नाव विचारतो आणि तिथं खेळ थांबून वाट बघतो. दहा वंश आहेत, हवा तो चेहरा घ्या. घोडेचोर पळतो आणि बाणांनी पडतो. तुमची मान ठोकळ्यावर ठेवली जाते, कुऱ्हाड वर जाते, तेवढ्यात बुरुजावर एक काळा ड्रॅगन येऊन बसतो. पुढच्या धुमाकुळातून तुम्ही भुयारानं बाहेर पडता, आणि समोर पाइनची झाडं, नदी, बर्फाचे डोंगर. आता तुमच्यावर कुणाचा हुकूम चालत नाही.

खरा खेळ इथून सुरू होतो. पडद्यावर वरच्या बाजूला होकायंत्राची पट्टी आहे, तिच्यावरचा बाण तुम्हाला पुढच्या कामाकडं न्यायला बघतो. तुम्ही त्याचं ऐकू नका. ड्रॅगनची मुख्य कथा माझ्या मते या खेळातली सर्वांत साधी गोष्ट आहे. पाण्याच्या काठानं चाला. निळी फुलपाखरं पकडा, त्यांचे पंख खाऊन बघा. औषधी जिन्नस तोंडात टाकला की त्याचा पहिला गुण कळतो. एकहाती तलवार जितकी चालवाल तितका त्यात हात बसतो, कुलपं उघडाल तर कुलपांत. अशी अठरा कौशल्यं आहेत आणि ती वापरून वाढतात. खांद्यावरचं ओझं मर्यादेबाहेर गेलं की धावता येत नाही. मग वाटेत बसून ठरवायचं, काय टाकायचं आणि काय ठेवायचं.

रिव्हरवुड हे पहिलं गाव. एक लाकडाची वखार, एक लोहार, एक खानावळ, एक दुकान. दुकानदार ल्युकन व्हॅलेरियस बहिणीशी वाद घालतो आहे, कारण दुकान फोडून चोरांनी एवढी एकच वस्तू नेली, सोन्याचा एक पंजा. तो शोधायला तुम्ही डोंगरावरच्या ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्यात शिरता. आत कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला चोर सोडवायची गयावया करतो. जाळं तोडलंत की पळून जातो आणि फार लांब जात नाही. पंजा आणि चोराची रोजनिशी तुमच्या हाती येते. थडग्याच्या तळाशी एक गोल दगडी दार आहे. त्यावर एकात एक तीन कडी, प्रत्येकावर प्राण्यांची चिन्हं. कडी फिरवून पाहता, पंजा बसवता, दार हलत नाही. रोजनिशीत एवढंच सुचवलं आहे की उत्तर तुमच्या तळहातावर आहे.

घाई करू नका. पिशवी उघडा, पंजा निवडा आणि माउसनं तो उलटा करा. बोटं मागं जातात, तळवा वर येतो. तळव्यावर तीन वर्तुळं कोरली आहेत: अस्वल, पतंग, घुबड. कडी त्या क्रमानं लावा. पंजा बसवला की दार जमिनीत उतरतं. कुणी सांगितलं नव्हतं की पिशवीतली वस्तू फिरवून पाहायची असते. यानंतरच्या खेळात तुम्ही प्रत्येक भांडं, प्रत्येक पुस्तक, प्रत्येक दगड असाच बघायला लागता. बनवणाऱ्यांनी तुम्हाला बघायला शिकवलं ते असं, एक शब्दही न बोलता. म्हणूनच प्रत्येक शहरातला पहारेकरी गुडघ्याला लागलेल्या बाणाची तीच कहाणी ऐकवतो, हे मी त्यांना माफ करतो.

स्कायरिममधला एक दिवस तुमच्या घड्याळाच्या 72 मिनिटांत संपतो. तिथं दोनदा पहाट झाली आहे आणि तेवढ्यात खोलीतला दिवा जातो. यूपीएस कोकलायला लागतो. एफ5 दाबून खेळ सेव्ह करा, मशीन बंद करा, बाहेर या. या अंधारात काळदुर्गाखालच्या वाघोबा खिंडीकडं बघा. मनोरकडं जाणारे कित्येक ड्रायव्हर तिथं गाडी थांबवून हात जोडतात. वाघ हा देव असलेला हा मुलूख आहे, आणि तुम्ही पाइनच्या जंगलात ड्रॅगन शोधत होता. मला त्यात गैर काही वाटत नाही. पण इथून अजून मागं जायला हवं.

1970 चं दशक नुकतंच लागलं आहे. गाव गंजाड, डहाणू तालुका. झोपडीची कुडाची भिंत गेरूनं सारवली आहे. तुमच्यापुढं जिव्या सोमा मशे तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात काडी बुडवून वारली चित्र काढत बसले आहेत. हे काम आजवर लग्नाच्या चौकापुरतं, आणि बायकांचं. मुंबईहून आलेले चित्रकार भास्कर कुलकर्णी त्यांच्यापुढं कागद ठेवतात. पुढं 1976 चा राष्ट्रीय पुरस्कार, 2011 ची पद्मश्री. ज्या वर्षी तुमचा खेळ आला तेच वर्ष. पण आता फक्त चित्र बघा. एका कोपऱ्यात भात झोडपताहेत, एका कोपऱ्यात ताडावर माणूस चढतोय, मुंग्यांची रांग चालली आहे, मध्ये तारपा या वाद्याभोवती नाचणाऱ्यांचा फेर. कुठून सुरुवात करायची ते चित्र सांगत नाही. नजर नेईल तिकडं जायचं, आणि जिथं जाल तिथं कुणीतरी आपल्या कामात गुंतलेलं असतं, तुमची वाट न बघता. खुल्या जगाचा खेळ म्हणतात त्यात याहून वेगळं काय असतं?

आता पुढं या, 2020. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा राजी हा खेळ प्रसिद्ध झाला आहे. पाठबळासाठी 2017 मध्ये केलेलं किकस्टार्टर पुरं पडलं नव्हतं, तरी त्यांनी खेळ पुरा केला. भावाला शोधणारी मुलगी, दुर्गेचा आशीर्वाद, असुरांशी लढाई. त्याची वाट ठरलेली आहे, जग खुलं नाही, पण आपल्या देवादिकांचा खेळ आपल्याच माणसांना असा देखणा करता येतो हे त्यांनी दाखवलं. इकडं ऑगस्ट 2021 मध्ये कोळगावात जिल्हा मुख्यालयाचं उद्घाटन होतं. सिडकोच्या नवनगरासाठी ठरलेल्या सुमारे 440 हेक्टर जमिनीवर तुमचं ते गवत होतं.

आणि आज. इमारतींच्या खिडक्यांतून डोंगर दिसतात, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतून पाळ्या सुटतात, पोरं बसमध्ये मोबाइलवर खेळत असतात. त्यांच्यासाठी मला एक खेळ हवा आहे. त्यात होकायंत्राची पट्टी नको, बाण नको. तारप्याच्या नाचात वाजवणारा वळला की फेर वळतो, आणि नाचणारे त्याच्याकडं पाठ करत नाहीत. या खेळात दिशा तशीच कळावी, सुरावरून. सूर जवळ आला की वाट बरोबर, आणि तो ऐकायचा की सोडून नदीकाठानं जायचं हे खेळणाऱ्यानं ठरवावं. वाघोबा मारायचा प्राणी नको, त्याच्या हद्दीतून जाताना काय ठेवायचं ते शोधायला लागावं. गोष्टी वारली बोलीत असाव्यात, आणि आवाज गंजाड, तलासरी, विक्रमगडच्या माणसांचे. श्रेयनामावलीत त्यांची नावं पहिली यावीत आणि विक्रीतला वाटा करारानं त्यांच्या खात्यात जावा, कारण वारली चित्र साड्यांवर, कपांवर आणि सरकारी भिंतींवर पुष्कळ वेळा काढलं गेलंय, काढणाऱ्याचं नाव न लिहिता. असं काम करू शकणारी पोरं याच पट्ट्यातल्या कॉलेजांतून प्रोग्रॅमिंग शिकताहेत. त्यातल्या कुणी हे वाचलं असेल तर पहिला नकाशा गंजाडचा काढा.