अंगणात आलेली शाळा

भगिनींनो, स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी हात जोडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, लेखणीशी संबंध तो किराणाच्या यादीपुरता. परंतु आपल्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी जो मुलांचा अभ्यासवर्ग चालतो, त्याच्या निमित्ताने मी थोडे वाचले, थोडे विचारले. आपण जे वेडेवाकडे करीत आहोत, ते आपल्याच मुलखात थोर बायांनी फार पूर्वी करून दाखविले आहे, हे कळले. ते आपणां सर्वांपुढे ठेवावे, एवढाच हेतू.

ही हकिगत डहाणूकडची. आज तो पालघर जिल्हा, पण २०१४ पर्यंत तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. तिकडे वारल्यांची वस्ती मोठी. जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेल्या, आणि वारल्याच्या नशिबी वेठबिगार. लग्नाला कर्ज घेतले की नवराबायकोने त्या मालकाकडे वर्षानुवर्षे राबायचे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि गोदावरीबाई परुळेकर व त्यांच्या साथींच्या आधाराने ‘वेठ करणार नाही’ असे ठरवून उठले. जिथे आईबापांचीच अशी स्थिती, तिथे लेकरांच्या हाती पाटी कोठून येणार?

त्याच साली, त्याच भागात, बोर्डीच्या समुद्रकाठी ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले होते, आणि १९३६ पासून दादरला त्यांचे शिशुविहार चालू होते. पण हे सारे शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांसाठी होते. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला हे का मिळू नये, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. वयाची पन्नाशी उलटल्यावर त्या शहर सोडून निघाल्या.

त्यांना साथ मिळाली अनुताई वाघ यांची. अनुताई १९१० साली जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत कपाळीचे कुंकू पुसले गेले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य माजघरातच संपायचे. पण त्यांनी शिक्षण सोडले नाही. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे त्या वेळची सातवीची परीक्षा, त्या उत्तम रीतीने पास झाल्या, शिक्षिका झाल्या, नोकरी सांभाळून मॅट्रिक झाल्या आणि पन्नाशी उलटल्यावर बी. ए. झाल्या! सातवीवर थांबलेल्या माझ्यासारखीला हे वाचून लाज वाटली, आणि धीरही आला.

बोर्डीला परदेशी पद्धतीची महागडी साधने कुठून आणणार? मग शिंपले, गोटे, बिया, पाने हीच साधने झाली. मुलांना आधी न्हाऊमाखू घालायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, आणि मग गाणी-गोष्टी. बोलावूनही मुले येईनात, तेव्हा बायांनी रागावून दार लावून घेतले नाही. त्या मुलांच्या वस्तीत गेल्या आणि कोणाच्या तरी अंगणात शाळा मांडली. तीच ‘अंगणवाडी’. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हे नाव पुढे घरोघरी पोचले. आपण रोज उच्चारतो तो शब्द आपल्याच किनाऱ्यावर जन्मला, हे किती जणींना ठाऊक असेल?

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेले. तिथली अडचण निराळी. मोठी मुले गुरे राखायला जात, आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी राहात. मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली: गुरे चरत असतील त्या कुरणातच बाईंनी जायचे, झाडाखाली बसायचे, गोट्यांनी मोजणी शिकवायची. मुलींसाठी शाळेच्या शेजारी पाळणाघर: धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. हे सगळे एका आवारात, तिचे नाव विकासवाडी. मूल का येत नाही, याचा दोष त्यांनी मुलाच्या माथी मारला नाही. कारण शोधले आणि शाळाच बदलली. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, शेवटपर्यंत, काम चालविले.

आता आपल्या गावाकडे वळते. करावे हे आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० साली सिडको आली, नव्या शहरासाठी भाताच्या जमिनी गेल्या. आता आपल्याभोवती मोठमोठ्या इमारती आहेत, आणि त्या बांधायला आलेल्यांची, खाडीकडे पोटासाठी येऊन राहिलेल्यांची मुलेही आहेत. तीच आपल्या वर्गात येतात.

गेल्या वर्षी त्यांत आठ वर्षांचा एक मुलगा होता. चित्र दाखवून मी विचारले, हे काय? तो म्हणाला, “चिंबोरी.” मी म्हटले, “चिंबोरी नाही, खेकडा म्हण.” बाकीची मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. लहानपणी माझ्याही तोंडून वर्गात ‘मला’च्या जागी घरचे ‘मना’ निघाले होते, आणि सारा वर्ग असाच हसला होता. तेव्हापासून सातवीपर्यंत मी वर्गात आपणहून तोंड उघडले नाही. जे माझ्या वाट्याला आले, तेच मी दुसऱ्याच्या लेकराला वाढले. आणि शब्द तरी कोणता? माझ्या स्वतःच्या चुलीवर शिजते ती चिंबोरीच!

कोसबाडची हकिगत आठवून मी त्याच्या झोपडीकडे गेले. तो धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसला होता. आई संध्याकाळी धुणीभांड्यांना जात असे. तिथेच, दारात, मी ओल्या मातीवर बोटाने ‘च’ काढला आणि म्हटले, “हा चिंबोरीचा च.” मग ‘न’ काढला: निवटीचा न. त्याने माझ्या हातातून काडी घेतली आणि ‘च’च्या खाली दुसरा ‘च’ काढला. महिनाभर मी तिथेच जात होते. आता तो बहिणीला घेऊन वर्गाला येतो. ‘खेकडा’ही लिहितो, पण आधी ‘चिंबोरी’ लिहितो.

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या या शुभ प्रसंगी मला एवढेच मागणे मागायचे आहे. वर्गाची वेळ आपल्या सोयीची न ठेवता मुलांच्या सोयीची ठेवू या. खोलीच्या एका कोपऱ्यात धाकट्यांसाठी एक झोळी बांधू या. आणि मूल जो शब्द घरून घेऊन येईल, त्याला हसू न देता पाटीवर पहिली जागा देऊ या. यासाठी बी. ए. होण्याची गरज नाही. सातवी पुरते, हे मी अनुभवाने सांगते.

लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मोठ्या मनाने सांभाळून घ्यावे.