पानिपतचा प्रलय आणि छोटा पडदा

पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, 14 जानेवारी 1761 या दिवशी पानिपतावर जे घडले ते महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. त्यानंतर जे घडले त्याचा संबंध मात्र ग्वाल्हेरशी अधिक आहे. रणातून वाचलेल्या अन्नवस्त्रहीन माणसांना सुरजमल जाटाने आपल्या मुलखात आश्रय दिला आणि सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांच्यासह अनेकांना ग्वाल्हेरकडे सुखरूप पोचते केले. ज्या शिंदे घराण्याने पुढे ग्वाल्हेरला आपली राजधानी केली, त्याचा कर्ता पुरुष महादजी याच पळापळीत घायाळ होऊन पायाने जन्माचा अधू झाला.

या महादजींना नायक कल्पून संजय खान यांनी ‘द ग्रेट मराठा’ ही हिंदी मालिका निर्माण केली. 1994 साली ती दूरदर्शनवर दाखविली गेली. पानिपतसारखा प्रलय घरातल्या लहानशा पडद्यावर कितपत मावतो, याची ती एक कसोटीच होती.

या मालिकेचा मोठा गुण नायकाच्या निवडीतच आहे. भाऊसाहेब किंवा विश्वासराव यांना केंद्रस्थानी ठेवले की कथा रणांगणावरच संपते आणि प्रेक्षकाच्या हाती केवळ हळहळ उरते. महादजी मात्र त्या दिवसानंतर 33 वर्षे जगले. मराठ्यांनी 1771 साली दिल्ली पुन्हा हाती घेतली, तीत त्यांचा वाटा मोठा होता. दोन-तीन तासांच्या चित्रपटाला एवढा पल्ला झेपत नाही. आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या मालिकेला तो झेपतो. भाषेचा प्रश्नही ग्वाल्हेरपुरता तरी सौम्य होतो. घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या लष्करातील कुटुंबांना हिंदी बोलणारे महादजी फारसे परके वाटण्याचे कारण नव्हते.

उणीव आहे ती संकटाच्या स्वरूपाविषयी. पडद्याला संघर्ष माणसामाणसांत हवा असतो. म्हणून नजीबखान रोहिल्यासारखा कपटी पुरुष पुढे येतो आणि सारा अनर्थ त्याच्या कारस्थानातून उद्भवल्यासारखा भासतो. नजीबचे कारस्थान खरेच होते. पण पानिपतचा घात एका दिवसात झाला नाही. ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात रसद जमविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. दोन महिन्यांहून अधिक काळ छावणी एका जागी अडकली. धान्य सरले, वैरण सरली, पैसा सरला. लढाईला निघालेले सैन्य आधीच उपासमारीने खचलेले होते. तलवारींचा खणखणाट पडद्यावर दाखविता येतो, रिकामी कोठी दाखविणे कठीण. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या रिकाम्या कोठीचे महत्त्व अधिक आहे.

एका बाबतीत या मालिकेने नकळत इतिहासाचे मर्म साधले आहे. नजीबखान आणि त्याचा नातू गुलाम कादर या दोन्ही भूमिका इरफान खान या एकाच नटाने केल्या. आजोबाने पानिपत घडविण्यास हातभार लावला. नातवाने ऑगस्ट 1788 मध्ये बादशहा शाहआलमचे डोळे काढले. या गुलाम कादराला दिल्लीतून हुसकावून लावण्यासाठी महादजींनी जे सैन्य धाडले, त्याचा सेनापती राणेखान होता. जखमी महादजींना पानिपताच्या वाटेवरून आपल्या बैलावर घालून दक्षिणेत आणणारा भिस्ती तो हाच. महादजी त्याला पुढे भाऊ मानीत.

संकटाची कथा सांगणाऱ्याने रणात पडलेल्यांचा गौरव अवश्य करावा. परंतु भुकेल्यांना अन्न देणारा जाट राजा आणि घायाळाला उचलणारा पखालवाला यांना दुय्यम पात्रे समजू नये. पानिपतानंतर मराठे उत्तरेत पुन्हा उभे राहिले, ते अशा माणसांच्या आधारानेही.