पूर्वमालकाची साक्ष

नवा नोकर दारांत उभा राहिला म्हणजे घरधनी त्याला पहिला प्रश्न विचारतो तो हा : "याआधीं कोठें होतास ?" प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरावर एका कुटुंबाची भाकरी अवलंबून असते. मालट्रक हांकणाऱ्याच्या बाबतींत तर रस्त्यानें जाणाऱ्यांचे प्राणहि अवलंबून असतात. या उत्तराची खातरजमा समाजानें कसकशी केली, तें आज पाहूं.

साहेबी अमदानींत बंगल्यांवरील आया, खानसामे जुन्या मालकांच्या चिठ्ठ्यांचें पुडकें जिवापाड जपत. इंग्रजींतील 'चिट' हा शब्द आपल्या इकडील 'चिठ्ठी'वरूनच गेलेला आहे. परंतु चिठ्ठी इंग्रजी आणि बाळगणारा बहुधा निरक्षर. त्यामुळें आपण जपतों तें भूषण कीं दूषण, हें पुष्कळदां त्याचें त्यालाच ठाऊक नसे.

खुद्द इंग्लंडांत १७९२ सालीं कायदा झाला. चाकराविषयीं खोटा दाखला देणाऱ्यास किंवा वापरणाऱ्यास वीस पौंड दंड ठरला. यानें नव्या मालकाची फसवणूक टळावी, हा हेतु होता. प्रामाणिक चाकरास दाखला मिळालाच पाहिजे, असें मात्र त्यांत कोठेंहि नव्हतें.

फ्रान्सनें याहून कडक वाट धरली. नेपोलियनच्या अमदानींत, १८०३ सालीं, कामगारानें एक वही जवळ बाळगावी असा निर्बंध झाला. पहिल्या मालकानें मोकळीक लिहून दिल्यावांचून दुसऱ्यानें कामावर घ्यावयाचें नाहीं. उचल घेतलेली असली तर तिची नोंदहि वहींत. म्हणजे वही अडली कीं माणूस अडला ! पुढें १८५४ च्या कायद्यानें वही कामगाराच्या हातीं ठेवली व तींत बरावाईट शेरा लिहिण्यास मनाई केली. १८९० सालीं ती सक्ती संपली.

मग पूर्वमालकाची साक्ष अजिबात टाकून द्यावी काय ? येथेंच ट्रकवाल्याचा प्रश्न वेगळा पडतो. अमेरिकेच्या हमरस्त्यांवर मालासह ऐंशीं हजार पौंडांचा, म्हणजे सुमारें ३६ टनांचा ट्रक धांवूं शकतो. त्या देशांत १९८६ च्या कायद्यापूर्वीं एकेक चालक निरनिराळ्या राज्यांचे अनेक परवाने बाळगी आणि आपले गुन्हे त्यांवर वांटून टाकी. परवाना निष्कलंक दिसे, माणूस तसा असेच असें नाहीं. अशा वेळीं खरें सांगणारा जुना मालकच.

म्हणून तेथील नियमानें नव्या मालकावर चौकशीचें बंधन घातलें. उमेदवारानें मागील तीन वर्षांत जेथें जेथें गाडी हांकली, तेथें अपघातांविषयीं विचारलेंच पाहिजे. २००४ सालीं जुन्या मालकासहि तीस दिवसांत उत्तर देणें भाग पाडलें. पण त्याच वेळीं चालकालाहि तीन हक्क दिले : उत्तर पाहण्याचा, चूक दुरुस्त करून मागण्याचा, आणि दुरुस्ती नाकारली गेल्यास आपलें म्हणणें त्या कागदास जोडण्याचा.

या तिसऱ्या हक्काचें मोल थोडें नव्हे. समजा, ब्रेक सदोष म्हणून एकानें गाडी पुढें नेण्यास नकार दिला, आणि मालकानें लिहिलें, 'गाडी वाटेंत टाकून गेला.' एवढ्या एका ओळीनें सगळीं दारें बंद होऊं शकतात. चालकाच्या खुलाशानें ती ओळ पुसली जात नाहीं. कोणाला ठेवावयाचें तें शेवटीं नवा मालकच ठरवितो. परंतु आतां वाचणाऱ्यापुढें दोन साक्षी असतात.

शाळेंत वर्तणुकीचे दाखले लिहितांना माझ्या एक गोष्ट ध्यानांत आली : लिहिणाऱ्याला ती घटकेची लेखणी असते, नेणाऱ्याला ती वर्षांची शिदोरी होते. ज्याच्या हातीं ३६ टनांचें वाहन द्यावयाचें, त्याचा पूर्वेतिहास न पाहणें हा वाटसरूंचा अपराध होय. आणि त्याला न दाखवितां त्याच्याविरुद्ध लिहून ठेवणें हा त्याचा अपराध होय. दाखला अवश्य मागावा, अवश्य द्यावा. मात्र तो ज्याच्याविषयीं आहे, त्याला वाचतां आला पाहिजे.